छापून हाय ना!

दौलतभाऊ भोयरांच्या घरी पाहुणा गेला की त्याच्यापुढे दोन भांडी येत. एक पाण्याचा गिलास आणि एक पाण्याने काठोकाठ भरलेला गंज. गिलास पाहुण्यासाठी असे. गंज फोनसाठी.

पाहुणा गिलास तोंडाला लावतो न लावतो तोच दौलतभाऊ सदऱ्याच्या खिशातून आपला काळाभोर, आरशासारखा चकचकीत, महागडा फोन काढत. "पाहा हं," म्हणत. आणि भजं तेलात सोडावं तसा तो अलगद गंजात सोडून देत. पाहुण्याला ठसका लागे. "अरे अरे, भाऊ!" म्हणून तो अर्धा उठे. दौलतभाऊंचं लक्ष मात्र फोनकडे नसे, पाहुण्याच्या तोंडाकडे असे. त्याचा जीव पुरता वरखाली झाला, की ते फोन बाहेर काढत, गळ्यातल्या दुपट्ट्याला पुसत आणि म्हणत, "लावा आता मले फोन." घंटी वाजे. तेव्हा कुठे ते समाधानाने टेकून बसत.

"खोक्यावर छापून हाय ना! पाण्यात काई होत नाई म्हून!"

मी आलापल्लीला शाळेत शिकवते. माहेर आरमोरीचं, नवरा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात. सुट्टीच्या दिवशी कधी तो इकडे, कधी मी तिकडे. त्यामुळे आठवडाभर माझा खरा शेजार म्हणजे दौलतभाऊ. आमच्या दोन अंगणांमध्ये नुसतं काट्यांचं कुंपण आहे. त्यांच्याकडचं बोलणं इकडे येतं आणि माझ्याकडच्या फोडणीचा वास तिकडे जातो. तो गंजाचा खेळ मी इतक्यांदा पाहिला, की पुढेपुढे ठसका लागलेल्या पाहुण्याची पाठ थोपटायला मीच जाऊन बसायची.

भाऊंची सगळी नोकरी इथल्या लाकूड डेपोत गेली. सागवानाचे लठ्ठे मोजून-तपासून झाले की त्यांच्यावर हातोड्याने सरकारी शिक्का उमटवायचा, हे त्यांचं काम. "शिक्का पडला म्हणजे त्या लाकडानं जबान देल्ली बाई," ते सांगत. "मंग थे नागपूरले जाओ का दिल्लीले." सगळा जन्म असा शिक्के मारण्यात गेल्यामुळे असेल, पण छापलेलं अक्षर खोटं असू शकतं हे त्यांच्या डोक्यात शिरतच नसे.

बिस्किटाच्या पुड्यावर 'वीस टक्के जादा' असं दिसलं की ते दुकानातच पुडा फोडून विचारत, "याच्यातले जादाचे कोणते?" दुकानदार हसे. भाऊ हसत नसत. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असे. बामच्या बाटलीवरची तारीख उलटली की अर्धी भरलेली बाटली ते परसात खड्डा करून पुरत. एसटीवर 'जलद' लिहिलेलं असेल आणि ती रेंगाळली, तर कंडक्टरला खिडकीबाहेर डोकं काढून ती पाटी वाचायला लावत. एकदा त्यांनी 'मन प्रसन्न करते' असं छापलेली उदबत्ती आणली होती. त्यांची बायको, मंदाबाई, त्याच वर्षी गेल्या होत्या. काही दिवसांनी कुंपणाशी येऊन मला म्हणाले, "पुडा सरला बाई. मन हाय तसंच हाय." तक्रार अशी नव्हती. नुसती माहिती दिल्यासारखे बोलले.

माणसांच्या बोलण्याचंही तेच. नळ दुरुस्त करणारा फोनवर "आलोच भाऊ" म्हणाला, की भाऊ उंबऱ्यात जाऊन बसत ते दिवस मावळेपर्यंत. बाजार चुको, भाकर थंड होवो. "आलोच म्हणला ना थो," एवढंच. आमच्या शाळेतल्या एका सरांनी वाटेत भेटल्यावर सहज "या एखाद्या दिवशी जेवायला" म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी भाऊ धुतलेला सदरा घालून त्यांच्या दारात हजर. सरांच्या बायकोने गडबडीत कणीक मळली. भाऊ पोटभर जेवले आणि जाताना म्हणाले, "तुमी बी या आमच्या घरी. परवा या." आणि परवा खरोखरच त्यांनी कोंबडी कापली होती.

त्यांचा एकुलता मुलगा प्रशांत पुण्याला कंपनीत आहे. तिकडेच बायको, तिकडेच लहानगी ओवी. एका दिवाळीला त्याला येता आलं नाही, तेव्हा कुरिअरने तो फोन आला. भाऊ खोकं दोन्ही हातांत धरून माझ्याकडे आले. उघडलेलं नव्हतं. "आधी वाचून सांगा," म्हणाले. "का का छापून हाय थे."

मी इंग्रजी वाचत गेले, मराठीत सांगत गेले. कॅमेरा असा, काच तशी, चौकट विमानाच्या धातूची. विमानावर ते थोडे थबकले. पण पाण्याची ओळ आली तेव्हा त्यांनी मला ती पुन्हा वाचायला लावली. इतक्या खोल पाण्यात, इतका वेळ, काही होणार नाही. भाऊ उठले, माझ्याच मोरीतली बादली ओढली, खोकं उघडून फोन चालू केला आणि पाण्यात सोडला. मी डोळे मिटून घेतले. भाऊंनी नाही मिटले. फोन चालू राहिला आणि भाऊंचा फोनच्या कंपनीवर असा विश्वास बसला, जसा सख्ख्या भावावरही कुणाचा बसत नसेल.

माझ्या नवऱ्याचा फोन अगदी साधा. गडचांदूरची धूळ खाऊन खाऊन त्याचा मूळ रंग कोणता होता हे आम्ही विसरलो होतो. आवाज पोत्यातून आल्यासारखा यायचा. भाऊ त्याच्याकडे दयेने बघत. "जावईबापू, आता एक चांगला घेऊन टाका," असं म्हणत आणि गंज भरायला उठत.

दर रविवारी सकाळी पुण्याहून व्हिडिओ कॉल येई. भाऊ अंघोळ करून, केसांना तेल लावून, पांढरा सदरा घालून पेरूच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसत. ओवीला कोंबडी दाखव, खार दाखव, मला दाखव. एकदा ओवीने विचारलं, "आबा, मासोळीला आपण कसे दिसतो?" तिकडे प्रशांतने हसून विषय बदलला असता. पण प्रश्न विचारला म्हणजे त्याला उत्तर आहे, असं भाऊंचं मत. त्यांनी फोनवर चित्रीकरण चालू केलं, फोन बादलीच्या तळाला ठेवला आणि वरून वाकून आत बघितलं. ते चित्र मी पाहिलं आहे. हिरवट, हलणारं पाणी, त्यापलीकडे लांबट-फताडा झालेला एक म्हातारा चेहरा, मिश्या लाटांवर पोहताहेत, आणि मागे आभाळ. ते पाठवल्यावर पुण्याहून ओवीच्या हसण्याचा आवाज आला तो काटेरी कुंपण ओलांडून माझ्या स्वयंपाकघरात पोचला. मग दर रविवारी नवीन पाणी. कधी टाकं, कधी माठ, कधी घरामागची बोडी. पावसाने भरणाऱ्या त्या छोट्या तळ्यात त्यांनी एकदा बेडकालासुद्धा गाठलं होतं.

आमच्याकडचा उन्हाळा मात्र कुठल्याच खोक्यावर छापलेला नसतो. त्या वर्षी वैशाखात पत्र्याखाली ठेवलेली मेणबत्ती वाकली. फोनच्या पाठीची काच एका कोपऱ्याला केसभर उचलली गेली. भाऊंनी अंगठ्याने दाबली, ती पुन्हा वर आली. त्यांनी तो कोपरा नाकाशी नेला, वास घेतला.

"बाई, हे डिंकानं चिकटवलं हाय का?"

"तसंच असतं भाऊ आजकाल."

"एवढा महागाचा, विमानाचा धातू, अन् डिंक? एक इस्क्रू नाई?"

"भाऊ, आता पाण्यात नका घालू याला. दाखवून आणा एकदा चंद्रपूरला."

"पाण्याचं तं छापून हाय," ते म्हणाले आणि कोथिंबिरीच्या जुडीचं रबर काढून त्यांनी त्या फोनला गुंडाळलं. दुपारपर्यंत त्याची बॅटरी उतरू लागली. हातात धरला की तापलेल्या तव्यासारखा लागायचा. भाऊ त्याला झाडाखाली ठेवून पंख्याने वारा घालत. मी शाळेतून येताना ते दृश्य बघायची आणि हसू दाबायची. आता हसल्याचं वाईट वाटतं.

पावसाळ्यात बोडी भरली. भाऊ ओवीसाठी बोडीचं पहिलं पाणी टिपायला गेले. मी संध्याकाळी आले, तर ते ओट्यावर बसलेले आणि फोन मांडीवर. आधी पडद्यावर एक हिरवी रेघ उमटली म्हणे, वरपासून खालपर्यंत. मग सगळं काळं. "आता उठन," ते म्हणाले. "जराक दमला हाय."

कुणीतरी सांगितलं, तांदळात ठेवा. धानाच्या मुलखात तांदळाला काय तोटा! भाऊंनी फोन सरळ तांदळाच्या पिंपात पुरला आणि त्याला धक्का लागू नये म्हणून भात शिजवणंच सोडलं. ज्या माणसाला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, तो आठवडाभर पोळ्या चावत होता. रोज सकाळी झाकण उघडून आत बघे आणि हळूच बंद करी.

शेवटी मला प्रशिक्षणासाठी चंद्रपूरला जायचं होतं, तेव्हा भाऊ सोबत आले. पिशवीत फोन आणि खोकं. दुरुस्ती केंद्र काचेचं होतं, आत गारठा. काउंटरवरच्या मुलीने फोन आत नेला आणि थोड्या वेळाने उघडलेल्या अवस्थेत परत आणला.

"सर, आतमध्ये पाणी गेलेलं आहे. वॉरंटीत बसणार नाही."

भाऊंनी खोकं काढलं, तिच्यापुढे ठेवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे वाचा."

"हो सर. पाण्यापासून संरक्षण आहे."

"हाय ना?"

"आहे. पण पाणी गेलं तर कंपनी जबाबदार नाही."

भाऊ माझ्याकडे वळले. त्यांना वाटलं, आपल्याला ऐकू कमी आलं. मी मान हलवली. ते पुन्हा तिच्याकडे वळले. "म्हणजे पाणी जात नाई हे बी छापलं. अन् गेलं तं आमी नाई, हे बी छापलं?"

"आत पुस्तिका असते ना सर, तिच्यात दिलेलं असतं." तिने ती काढून दाखवली. खसखशीएवढी अक्षरं.

भाऊंनी चष्मा वर केला, खाली केला, पुस्तिका लांब धरली, जवळ धरली. मग अगदी शांतपणे विचारलं, "हे बारीक काऊन छापलं?"

मागे उभी असलेली माणसं बघायला लागली. मुलगी गोरीमोरी झाली. इतका वेळ कंपनीच्या भाषेत बोलणारी ती एकदम आपल्या घरच्या बोलीत आली. "मले का माहीत बाबाजी. म्या तं इथी नोकरी करून राह्यली."

"हाव बाई. तुह्यावर नाई बोलून राह्यलो म्या."

तिने समजावून सांगितलं. पडदा गेला, आतली सर्किटची पाटी गेली, दोन्ही बदलायचं तर नवा घेण्याइतकंच पडेल. भाऊंनी आतले फोटो, चित्रं विचारली. ते काही निघणार नव्हतं. सगळं एकातच जोडलेलं असतं, ते मेलं की सगळंच मेलं. भाऊंनी उघड्या फोनकडे वाकून बघितलं. थोडा डिंक, दोन-तीन फिती, एक चपटी बॅटरी.

"आत तं काईच नाई बाई," ते मला म्हणाले.

परतीच्या एसटीत ते खोकं मांडीवर घेऊन बसले. आष्टीचा पूल आला. वैनगंगा दोन्ही काठ भरून वाहत होती, त्यांनी तिच्याकडेही बघितलं नाही. मग म्हणाले, "किडकं लाकूड असलं तं आमी शिक्का मारत नव्हतो. साहेब वरडला तरी नव्हतो मारत."

त्यानंतर भाऊंनी बाजारातून बटणांचा साधा फोन आणला. गंज स्वयंपाकघरात परत गेला. पाहुण्यांना आता एकच भांडं मिळू लागलं. बिस्किटाचा पुडा घेताना ते त्याच्यावरचं वाचत नसत, दुकानदार देईल तो पिशवीत टाकत. हे मला सगळ्यात जास्त टोचलं. दुकानदारही एकदा म्हणाला, "मॅडम, भाऊची तब्येत बरी नाही का?"

पहिल्या रविवारी भाऊ तसेच अंघोळ करून, तेल लावून, पांढऱ्या सदऱ्यात पेरूखाली बसले. बटणांचा फोन वाजला. मी कपडे वाळत घालत होते.

"नाई बेटा, व्हिडिओ नाई लागून राह्यला. इथी नेटवर्कच नाई... कोणता? थो फोन? एकदम मस्त चालून राह्यला. लाखात एक हाय. नेटवर्कनं मार खाल्ला नुसता."

माझ्या हातातली चादर तशीच राहिली. दौलतभाऊ खोटं बोलत होते. आणि सवय नसल्यामुळे इतकं वाईट बोलत होते, की समोर असते तर पाच वर्षांच्या पोरानेही ओळखलं असतं. पण आमच्या गडचिरोली जिल्ह्यात नेटवर्क नाही म्हटलं, तर पुण्यात बसून कुणी त्यावर अविश्वास दाखवत नाही.

असे काही रविवार गेले. शेवटी मी कुंपणाशी गेले. "भाऊ, माझ्या फोनवरून लावा ना व्हिडिओ. ओवी दिसेल तुम्हाला."

"मंग थो इचारन, आपला कुठी गेला."

"मग खरं सांगून टाका. त्यात तुमची काय चूक? माल खराब निघाला."

त्यांनी खुर्ची कुंपणाजवळ ओढली. बसले. हाताची नखं बघत बोलले.

"थ्यानं फोन धाडला ना बाई, तवा का म्हणला मालूम हाय? म्हणे, बाबा, मले सुट्टी नाई. हा फोन म्हणजे मीच आलो समजा." त्यांनी वर बघितलं. "म्या समजलो. रोज खिशात घेऊन फिरलो. येईन त्याले दाखवलो, माहा पोट्टा कसा मजबूत हाय थे. आता त्याले कोण्या तोंडानं सांगू, का तू डिंकानं चिकटवला होता अन् बोडीत बुडून गेला म्हून?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. सगळ्या गावाला बोलावून, गंज भरभरून ते काय दाखवत होते हे मला तेव्हा कळलं. प्रशांतने ते वाक्य बोलताना बहुधा दुसऱ्या हाताने ऑफिसचं काम चालवलं असेल. आपण असं किती बोलतो.

"बाई, कोनाले सांगू नका," ते म्हणाले. मी नाही सांगितलं.

प्रशांतने पुढे फोनवर म्हटलं, "आलो की नेटवर्कचं बघतो." भाऊंनी त्याच आठवड्यात बाहेरच्या खोलीतल्या खाटेची नवार नवी विणून घेतली. "येतो म्हणला," त्यांनी मला सांगितलं. बिस्किटांवरचा विश्वास उडाला होता, पण मुलावरचा शाबूत होता. दिवाळी आली आणि गेली. खाटेवर चादर अंथरलेली होती, तिच्यावर धूळ बसली की भाऊ झटकत.

बटणांच्या फोनवरची बोलणी लहान होत गेली. काही दिसत नसलं की लहान पोरं बोलायला कंटाळतात. ओवी "हॅलो आबा" म्हणे आणि पळे. मग थंडीत एका रविवारी ती पळाली नाही. फोनचा आवाज मोठा होता, मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं. ती वैतागली होती.

"आबा, तुम्ही दिसतच नाही! मला तुम्हाला माझा दात दाखवायचाय. नवीन आलाय, पुढचा."

भाऊ खुर्चीत पुढे सरकले. "आला का? अरे बाप्पा! केवढा हाय?"

"एवढा!"

"एवढा म्हणजे केवढा बेटा? सांग मले. तांदळाएवढा?"

"तांदळापेक्षा मोठा."

"मक्याच्या दाण्याएवढा?"

तिकडे ओवीने बहुधा आरशात पाहिलं. "त्याच्यापेक्षा छोटा. तांदूळ आणि मका, त्याच्या मधे."

भाऊंनी फोन कानाशी दाबून धरला, मोकळा हात उन्हात वर केला आणि अंगठा नि बोट जवळ आणली. थोडी उघडली, थोडी मिटली. मग एका जागी थांबवली.

"हाव," ते म्हणाले, "दिसला मले. लय सुंदर हाय."

तिकडून फोन ठेवला गेला. कोंबड्या पायाशी आल्या, त्यांना दाणे टाकायचे राहिले होते. भाऊ पेरूखाली तसेच बसून होते, चिमटीत धरलेलं ते एवढंसं अंतर डोळ्यांसमोर नेऊन बघत, जरासुद्धा हलू न देता.